चेनची रेघ

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं दुकान, तुझा गुडघा आणि ती कानतुटकी मांजर, तिघांची खुशाली आधी लिही. मग माझं रडगाणं ऐक.

माझी गिअरची सायकल आठवते ना, बाबांनी दिलेली? गिअरची तार सारखी तुटते आणि मी शिवणकामाच्या कारखान्यात उशिरा पोचते. शेवटी ह्यांनी मनावर घेतलं. म्हणाले, हे गिअरचं लटांबर काढूनच टाकू. पुढे एक चक्री, मागे एक दातेरी चकती, मध्ये चेन, बस्स. फ्रीव्हीलसुद्धा नाही. पॅडल फिरलं तर चाक फिरणार, पॅडल थांबलं तर चाक थांबणार. घड्याळात एक चाक फिरलं की दुसऱ्याला फिरावंच लागतं, फुकट कुणी फिरत नाही, तसं. लग्नानंतर पहिल्यांदाच ह्यांनी माझ्यासाठी काही बनवायला घेतलंय, म्हणून मीही खूश आहे. परसात फरशीवर सायकल उलटी करून ठेवलीय आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की हे तिथे जाऊन बसतात.

पण चेन आवाज करते. हाताने पॅडल फिरवलं तरी करकर होते, आणि मधूनच एखादा दात चुकल्यासारखा टक्‌ असा आवाज येतो. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, नवी आहे, बसेल. तू इतकी वर्षं सायकलीच दुरुस्त करतेस, तुला विचारते. बसेल का?

बाकी ठीक. ह्यांचं लक्ष हल्ली कुठे असतं कोण जाणे. काल अर्धीच दाढी करून दुकानात जाऊन बसले. मी हसले तर आरसा बघून म्हणाले, झालीय की सगळी. मला वाटतं आपल्या घड्याळजींना म्हातारचळ लागला.

तुझी,
शेपूट


११ फेब्रुवारी

शेपटे,

गुडघा थंडीत कुरकुरतो, मांजर माझ्यावर हुकूम चालवते, दुकान चाललंय.

बसेल म्हणून बसणारी चेन मी अजून पाहिली नाही. तुझ्या चेनची रेघ वाकडी आहे. म्हणजे असं, की पुढच्या चक्रीचे दात आणि मागच्या चकतीचे दात एकाच सरळ रेषेत यायला हवेत. गिअरच्या सायकलीला थोडं तिरकं चालतं, तिथे चेन इकडून तिकडे उड्या मारायलाच बनवलेली असते. तुझ्या असल्या बिनफ्रीव्हीलच्या, फिक्स सायकलीला चालत नाही. फिक्समध्ये तू पॅडलला मागे जोर देऊन वेग कमी करतेस, सगळा भार उलटा चेनवर येतो. रेघ वाकडी असेल तर नेमकी तेव्हाच चेन दातांवरून उडते. मग ती चकती आणि फ्रेम यांच्या फटीत अडकते, मागचं चाक जागच्या जागी आवळतं आणि तू उतारावर असशील तर पुढचं देव जाणे.

तेव्हा मोजपट्टी घे. फ्रेमच्या उभ्या नळीचा मध्य धर, तिथून पुढच्या दातांपर्यंतचं अंतर मोज. मग मागच्या चाकाच्या एक्सलवर मध्य धरून चकतीच्या दातांपर्यंतचं मोज. दोन्ही सारखी यायला हवीत. केसाएवढा फरक चालेल, नखाएवढा नाही. फरक निघाला तर बहुतेक पुढची चक्री क्रँकच्या, म्हणजे पॅडलच्या दांड्याच्या, बाहेरच्या अंगाला लावलेली असणार. बोल्ट काढून ती आतल्या अंगाला घ्यायची, इतकंच काम आहे.

आणि ब्रेक दोन्ही ठेवा म्हणावं. ब्रेक काढून मिरवणारी मुलं माझ्या दुकानात येतात. त्यातली काही परत येत नाहीत.

भावोजींना सांग, दाढी दोन्ही गालांना असते.

ताई


२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

मोजलं. पुढे आणि मागे अंगठ्याएवढा फरक आहे. चक्री बाहेरच्या अंगालाच लावलीय, तू म्हणालीस तशी. मागून एक डोळा मिटून पाहिलं तर चेन स्पष्ट तिरकी दिसते, शिवणीत चुकलेल्या टाक्यासारखी. मला दिसते म्हणजे कुणालाही दिसेल.

ह्यांना बोलावून दाखवलं. हे वाकले, बराच वेळ पाहिलं, स्वतः पट्टी लावली आणि म्हणाले, सरळ आहे. मी बोट ठेवून दाखवलं. पुन्हा तेच, सरळ आहे. आवाज चढवला नाही, काही नाही. गिऱ्हाइकाला सांगतात तसं शांतपणे.

ब्रेकचं विचारलं. म्हणाले, दोन्ही बसवले. ताई, हँडलला उजवीकडे ब्रेक आहे. डावीकडे काहीच नाही, नुसती मूठ. दांडा, तार, रबर, सगळं खाली डब्यात पडलेलं. मी म्हटलं, डावा कुठाय? म्हणाले, हा काय, आणि उजव्या ब्रेकवर हात ठेवला. चेष्टा करतात म्हणून मी हसायला गेले, पण चेष्टा नव्हती.

तुला आणखी एक सांगू का नको, असं झालंय. जेवताना मी ह्यांच्या डाव्या हाताला बसते, नेहमीचीच जागा. हल्ली हे माझ्याकडे बघतच नाहीत. मी बोलते तर समोर बघून उत्तर देतात, एकदोनदा तर मी तिथे आहे हे विसरून दिवा मालवून निघून गेले. माझ्याकडचं अर्धं जेवण ताटात तसंच सोडतात. मी वाढलेलं नको झालंय का काय, कोण जाणे. दुकानातही काहीतरी बिनसलंय. दुरुस्त केलेली घड्याळं परत येताहेत आणि हे गिऱ्हाइकांनाच खोटं पाडतात.

मी उगाच मनाला लावून घेतेय का?

शेपूट


२६ फेब्रुवारी

शेपटे,

घाईत लिहितेय.

मला एक गोष्ट कळत नाही. तुझा नवरा केसाएवढी कमान चिमट्याने उचलून बसवतो. गेल्या खेपेला आला होता तेव्हा माझ्या भिंतीवरची तसबीर किंचित कलली होती तर पाणी पिण्याआधी उठून त्याने ती सरळ केली. असल्या माणसाला अंगठ्याएवढा फरक दिसत नाही?

तू स्वतः बोल्ट काढ. चक्री आत घे, पुन्हा मोज, पॅडल फिरवून ऐक. करकर थांबली तर समज झालं. डावा ब्रेकही तूच बसव, मी खाली चित्र काढलंय. त्याला सांगू नकोस. नंतर काय होतं ते मला लगेच लिही.

सायकलवर बसू नकोस.

ताई


७ मार्च

ताई,

तू सांगितलंस तसं केलं. हे घाऊक बाजारात गेले होते तेव्हा बोल्ट काढले. हात काळे झाले, एक नख गेलं, पण चक्री आत बसली. मोजलं तर दोन्हीकडे एक माप. पॅडल फिरवलं आणि ताई, आवाजच नाही. चेन तेल ओतल्यासारखी वाहत होती. मी एकटीच हसले परसात.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर चक्री पुन्हा बाहेर. डावा ब्रेक जागेवर होता, पण त्याची तार लावायची राहिली होती. ती मी संध्याकाळी लावणार होते, ती तशीच लोंबत होती. त्याला ह्यांनी हातही लावला नव्हता. चक्री मात्र मुद्दाम काढून पूर्वीच्या जागी.

मी विचारलं. मग म्हणाले, तू माझ्या कामात हात घातलास, सगळं वाकडं करून ठेवलंस, मी सरळ केलं. मी म्हटलं, ताईने सांगितलं होतं. तेव्हा मात्र चिडले. म्हणाले, "मला नजर नाही असं म्हणायचंय का तुम्हा दोघी बहिणींना?" हातातला पाना इतक्या जोरात ठेवला की फरशीचा टवका उडाला. ह्यांना असं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने स्वतःच चहा करून आणला. कप माझ्यापुढे ठेवण्याऐवजी भलतीकडेच ठेवला आणि गोड आवाजात म्हणाले, रविवारी सायकल तयार होईल. उतारावर एकदा बसलीस की मागे वळून बघायची गरज पडणार नाही.

साधंच बोलले असतील. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्या घरापासून कारखान्यापर्यंत सगळा उतार आहे, तुला माहीत आहे. वळणावर गोदामाची भिंत आहे, तीही.

लवकर लिही.


११ मार्च

शेपटे,

हे तुला कधी सांगणार नव्हते. माझ्या नवऱ्याने आवाज चढवलेला कधी कुणी ऐकला होता? सगळे म्हणायचे, काय गुणी माणूस. मी जिन्यावरून पडले तेव्हा मला उचलायला सगळ्यांत आधी तोच धावला, दवाखान्यात माझा हात धरून तोच बसला. ढकललं होतंही त्यानेच. पायरी सैल असल्याचं तो आठवडाभर सगळ्यांना सांगत होता, मलासुद्धा. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

म्हणून सांगते. चुकून एकदा वाकडं बसतं. सरळ केलेलं पुन्हा वाकडं करायला बोल्ट काढावे लागतात. ते चुकून होत नाही. नसलेला ब्रेक आहे म्हणून सांगणं चुकून होत नाही. जो माणूस तुझ्याकडे बघत नाही त्याने मनातून तुला आधीच वजा केलेलं असतं. मी गप्प राहिले तर मला जन्मभर झोप लागणार नाही.

रविवारी तू त्या सायकलवर बसायचं नाहीस. भांडू नकोस, काही कळल्याचं दाखवू नकोस. फक्त म्हण, आधी तुम्ही चालवून दाखवा, मग मी बसते. उतारावरून. जर तो बसला नाही, काही निमित्त काढलं, तर तुझं उत्तर तुला मिळालं. दोन कपडे पिशवीत घाल आणि सरळ माझ्याकडे निघून ये. 

मी वाट बघतेय.

ताई


२ एप्रिल

ताई,

तुझी तीन पत्रं आली. उत्तर दिलं नाही कारण मी दवाखान्यात होते. मला काही झालेलं नाही. ह्यांना झालंय.

रविवारी सकाळी हे सायकल दारात घेऊन आले. पुसून लख्ख केलेली. मी तू सांगितलंस तेच म्हटलं, शब्दही तेच. आधी तुम्ही चालवून दाखवा. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. हे काय निमित्त काढतात ते बघत होते.

हे खूश झाले, ताई. म्हणाले, मीच विचारणार होतो, तुला देण्याआधी एकदा उतारावरून नेऊन बघतो, तुझ्या जिवाशी खेळ नको. डाव्या बुटाची नाडी सुटली होती, ती लोळत होती, ह्यांना दिसली नाही. टांग टाकली आणि निघाले. थोडं पुढे जाऊन उजव्या खांद्यावरून माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. त्या हसण्यातच मला कळलं की ह्या माणसाला काही ठाऊक नाही. चेन वाकडी आहे, डाव्या ब्रेकला तार नाही, नाडी सुटलीय, ह्यातलं काहीच ठाऊक नाही.

मी ओरडले, थांबा.

आणि हे माझं ऐकून थांबायला गेले. पॅडलला मागे जोर दिला असणार. टक्‌ असा आवाज आला, मग घासल्याचा, मग मागचं चाक आडवं फरफटत गेलं. वळणावर गोदामाची भिंत डाव्या हाताला आहे. समोरच्या घराला रंग देणारा रंगारी शिडीवर होता, तो नंतर म्हणाला की अंगावर भिंत येत असताना माणूस निदान हात पुढे करतो. ह्यांनी भिंतीकडे पाहिलंच नाही. जणू तिथे भिंत नव्हतीच.

खांदा मोडला, डाव्या बरगड्या मोडल्या. त्याचं काही नाही. दवाखान्यात डॉक्टरबाईंना काहीतरी शंका आली. त्या सारख्या ह्यांच्या डाव्या बाजूला उभ्या राहून बोलायच्या आणि हे उजवीकडे शोधायचे. मग त्यांनी एक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, घड्याळाचं चित्र काढा.

ह्यांनी हसून पेन घेतलं. गोल काढला. बारा ते सहा आकडे नीट घातले आणि पुढचे सात, आठ, नऊ, सगळे त्याच उजव्या अर्ध्यात कोंबले, एकावर एक. डावी बाजू कोरी. बाईंनी विचारलं, झालं? हे म्हणाले, झालं. मग एक आडवी रेघ काढून दिली, तिचा मध्य दाखवा म्हणाल्या. ह्यांनी खूण केली ती पार उजव्या टोकाकडे. ह्यांचा मध्यच उजवीकडे सरकला होता, म्हणून बाहेर गेलेली चक्री ह्यांना सरळ वाटत होती. जन्मभर घड्याळं बसवलेला माणूस.

डोक्यात गाठ आहे. उजव्या बाजूला. पुष्कळ महिने असणार. अशा माणसाला डावीकडचं जग दिसेनासं होतं आणि दिसत नाही हेही कळत नाही, असं बाई म्हणाल्या. दाढी, ताट, ब्रेक, मी. परवा ऑपरेशन आहे. वाचतील असं खात्रीने कुणी म्हणत नाही.

मी ह्यांच्या उजव्या बाजूला बसून हे लिहितेय. मला बघून हे मघाशी म्हणाले, "बरं झालं आधी मीच बसलो. तू बसली असतीस तर?"




५ एप्रिल

शेपटे,

पत्र दुकानाच्या दारात उभी राहून वाचलं. मग कुलूप लावलं. उद्याच्या गाडीने निघते.

ताई


५ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर यायची वाट न बघता लिहितेय. ऑपरेशन झालं. जीव आहे. शुद्धीवर यायला वेळ लागेल. तू लगेच निघशील, मला माहीत आहे, म्हणून शेजारच्यांकडून तार करतेय. आत्ता येऊ नकोस. तू समोर आलीस तर मला तुझ्या तोंडाकडे बघवणार नाही आणि ह्यांच्याही.


२ मे

प्रिय ताई,

तार बघून तू थांबलीस, बरं केलंस.

आम्ही घरी आलो. गाठ निघाली, डावी बाजू काही परत आली नाही. येणार नाही म्हणतात. दारातून जाताना खांदा आपटतो. मान वळवून बघायला शिकवताहेत, शिकतात आणि विसरतात. दुकान बंद ठेवलंय. गिऱ्हाइकांची घड्याळं मी एकेक करून परत पोचवली.

वाचता येत नाही. ओळीची सुरुवातच सापडत नाही, मधूनच वाचतात आणि अर्थ लागत नाही म्हणून चिडतात. काल म्हणाले, ताईंची पत्रं येत होती ना, वाचून दाखव, पहिल्यापासून. मी टाळलं. पुन्हा म्हणाले. मग पेटी काढली.

पहिलं वाचलं. दाढी दोन्ही गालांना असते, यावर पोट धरून हसले, बरगड्या दुखल्या तरी हसले. दुसरं वाचताना मी एक वाक्य गाळलं. अकरा मार्चचं हातात घेतलं आणि ताई, मी ते वाचलंच नाही. कागदावर डोळे ठेवून मनाने रचत गेले. तुझा गुडघा, तुझी मांजर, आपल्या लहानपणीची काहीतरी गोष्ट. हे डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, ताईंना तुझी फार काळजी.

आता रोज नवं पत्र आलं का विचारतात. तेव्हा लिही, पण मोठ्याने वाचता येईल असं लिही. तेवढी दया कर. 

शेपूट


९ मे

भावोजी,

हे पत्र तुम्हाला आहे. शेपूट वाचून दाखवील.

तिने तुम्हाला माझं अकरा मार्चचं पत्र वाचून दाखवलं, त्यात मांजर होती. खऱ्या पत्रात मांजर नव्हती. शेपटे, थांबू नकोस, वाच. मी तिला लिहिलं होतं की नवरा म्हणून तुमच्यावर भरवसा ठेवू नकोस. तुम्ही सायकल मुद्दाम वाकडी ठेवलीत, तिच्या जिवावर उठलात, असं मी लिहिलं होतं. आधी तुम्हाला उतारावर बसवून बघ, हे मीच लिहिलं होतं. ती पुन्हापुन्हा शंका घेऊन विचारत होती आणि मी तिच्या शंकेत तेल ओतत गेले. तुम्हाला दिसत नसेल, एवढी साधी गोष्ट माझ्या मनात आली नाही. माझ्या मनात दुसराच माणूस होता.

ती हे तुम्हाला कधीच सांगणार नाही. रोज काहीतरी रचून वाचेल आणि आतून झिजत जाईल. चेनची रेघ मला कळते, तिरकी चेन किती दिवस चालते तेही कळतं. म्हणून लिहिलं.

वाचून झालं असेल तर तिला पाणी द्या.

ताई


२३ मे

ताई,

मी स्वतः लिहितो आहे, म्हणून अक्षरं कागदाच्या एका कडेला दाटली असतील. समजून घ्या. एवढं लिहायला तीन दिवस लागले.

तिने सगळं वाचलं. एकही शब्द गाळला नाही असं वाटतं. वाचून झाल्यावर ती उठून परसात गेली आणि मी तिला हाक मारली नाही. मग बरेच दिवस आम्ही कामापुरतं बोलत होतो.

पडलो त्याचा राग नाही. कुठेतरी पडलोच असतो, आणि उशिरा पडलो असतो तर वाचलो नसतो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. तुमच्यावरही राग नाही. तुम्ही लांब होतात, तुमच्यापुढे नुसते कागद होते. राग तिच्यावर होता. इतके महिने ती माझ्या डाव्या हाताला बसत होती आणि मला दिसत नव्हती, कारण माझ्या डोक्यात गाठ होती. मी तर तिच्यासमोर होतो. तिच्या डोक्यात काय होतं?

हे मी तिला काल विचारलं. ती म्हणाली, भीती. तुम्ही माझ्याकडे बघायचं सोडलं होतंत, मला कळत नव्हतं मी काय केलं.

मी तिच्याकडे बघत नव्हतो हे तर खरंच होतं.

आज सकाळी तिने आपली खुर्ची उचलून माझ्या उजव्या बाजूला आणली आणि बसली. मी तिच्याकडे बघत राहिलो. ती किती वाळली आहे हे मला आज दिसलं.

तुम्ही या.